शेंगदाण्याच्या दुधाची कॉफी

हिरेमठ अक्कांनी दुधाची पिशवी दारातूनच परत पाठवली, तेव्हा मी समोर आमचं दार ओढून घेत होते. मल्लू आमच्या बिल्डिंगमध्ये पिशव्या टाकायचा. रोज सकाळी अक्कांच्या कडीला पिशवी अडकवून तो निघून जायचा. त्या दिवशी अक्का दार उघडून त्याची वाट बघत उभ्या होत्या.

"उद्यापासून नको," त्या म्हणाल्या.

"गावाला चालला व्हय अक्का?"

"नाही. पण नको."

मल्लूनं माझ्याकडे बघितलं. मलाही नवल वाटलं. कारण जुळे सोलापुरातल्या आमच्या त्या बिल्डिंगमध्ये सगळ्या घरांत हीच पिशवी यायची, आणि ती यायची अक्कांमुळे. अक्का त्या दूध केंद्राच्या लॅबमध्ये होत्या. पुणे रोडला, शहरापासून तासाभरावर ते केंद्र होतं. गावोगावचं दूध टँकरनं तिथं यायचं, आणि अक्कांनी तपासून रजिस्टरवर सही केल्याशिवाय टँकर रिकामा व्हायचा नाही. आम्ही बायका त्याला अक्कांच्या सहीचं दूध म्हणायचो आणि डोळे झाकून प्यायचो.

अक्का मूळच्या धारवाडच्या. लग्न होऊन सोलापुरात आल्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, तरी माहेरी परत गेल्या नाहीत. अंगानं बारीक, सुती इरकल नेसायच्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर आयोडीनचा तपकिरी डाग कायमचा बसला होता. मराठी आमच्याइतकंच चांगलं बोलायच्या, फक्त एखादी गोष्ट मनात घोळायला लागली की "नोडोण" म्हणायच्या. नोडोण म्हणजे बघू या. त्यांचं 'नोडोण' ऐकलं की समजावं, आता अक्का त्यावर बोलणार नाहीत आणि शेवटपर्यंत बघितल्याशिवाय सोडणारही नाहीत.

त्यांच्या नाकाची बिल्डिंगमध्ये थट्टा व्हायची. पिशवी कापली की आधी त्या कापलेल्या कोपऱ्याशी नाक न्यायच्या, मग दूध पातेल्यात. दुसऱ्याच्या घरीही ही सवय सुटायची नाही. वरच्या मजल्यावर गायकवाडांच्या नातवाचं बारसं होतं. अक्कांनी बासुंदीची वाटी तोंडापर्यंत नेली आणि खाली ठेवली. उठून आचाऱ्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "आरारूट किती घातलंत?" तो चपापला. म्हणाला, "लई न्हाई मॅडम, दोनच चमचं." अक्का परत येऊन पाटावर बसल्या आणि बाकीचं सगळं नीट जेवल्या. कोणाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ही गोष्ट आम्हाला कळली ती आचाऱ्याकडून, महिन्याभरानं. मी अक्कांना विचारलं तर म्हणाल्या, "घरात कार्य होतं. त्यांना सांगून काय मिळणार होतं? मला कळलं, आचाऱ्याला कळलं की मला कळलंय. पुरे झालं."

पुढं जे झालं त्यात मला त्यांचं हे वाक्य पुष्कळदा आठवलं. त्यांना वाटायचं, समोरच्याला कळलं की मला कळलंय, एवढ्यानं माणूस शहाणा होतो.

दूध बंद केलं त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. संध्याकाळची कॉफी आम्ही बहुधा बरोबर घ्यायचो. कॉफी हे अक्कांचं एकमेव व्यसन. पूड बहिणीकडून यायची, पितळेचा फिल्टर सासूच्या वेळचा. त्या दिवशी त्यांच्यासमोर काळी कॉफी होती. दोन घोट घेऊन त्यांनी कप सरकवला.

"काळी जमत नाही गं. घशाखाली उतरत नाही, उतरली की पित्त होतं."

"मग दूध का बंद केलंत?"

"नोडोण," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे प्रयोग सुरू झाले. अक्कांनी ते लॅबमध्ये करावेत तसेच केले. एक वही घातली. कोणतं दूध, कुठून आणलं, किती गरम असताना कॉफी घातली, फाटलं की नाही, वास कसा, पोटाला कसं, सगळं त्यात लिहायच्या. पहिल्यांदा होटगी रोडच्या मॉलमधून सोयाच्या दुधाचा पुडा आणला. कॉफीत ओतल्याबरोबर त्याचे बारीक बारीक कण झाले आणि तळाशी जाऊन बसले. अक्का चमच्यानं ते वर काढून उजेडात बघत बसल्या. "कॉफी आंबट असते. दूध थंड असलं की लगेच फाटतं. आधी दूध कोमट करायला हवं आणि त्यात कॉफी हळूहळू घालायला हवी, उलटं नाही." तसं केल्यावर फाटलं नाही, पण कच्च्या पावट्यासारखा वास कप संपेपर्यंत गेला नाही.

मग नारळ झाला. पहिला घोट बरा लागला, तिसऱ्याला वर तेलाचा तवंग आला. "ही सोलकढीची बहीण," म्हणून तो मागे पडला. बदाम रात्रभर भिजवून, सोलून, वाटून गाळले तर इतकं पातळ दूध निघालं की कॉफीचा रंगही बदलेना. तिळाचं कडू निघालं. ओट्स घरीच वाटले, त्याला बुळबुळीतपणा आला. तळमजल्यावरचे येमूल काका तेव्हा सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला आले होते. त्यांचा जन्म मागावर गेलेला. त्यांनी घोटभर चाखून कप ठेवला आणि म्हणाले, "अक्का, ही कॉफी न्हवं. ही सुताला लावायची खळ हाय. माझ्या लुंगीला द्या, कडक व्हईल." अक्का त्या दिवशी खूप हसल्या. त्यांना तसं हसताना मी नंतर पाहिलं नाही.

मी म्हटलं, "अक्का, मॉलमध्ये ओट्सच्या दुधाचेही पुडे आले आहेत. आमच्या शाळेतल्या नव्या मॅडम तेच वापरतात, छान लागतं म्हणे. कशाला एवढा खटाटोप?"

"छान लागत असेल. पण बंद पुडा आहे ना? म्हणजे परत कोणाच्या तरी सहीवर विश्वास ठेवायचा."

एवढं बोलून त्या भांडी घासायला उठल्या. मला त्या वेळी त्यातलं काही कळलं नाही.

शेवटी त्या शेंगदाण्यावर आल्या. सोलापुरात राहून हे आधी सुचायला हवं होतं, असं त्याच म्हणाल्या. दाणे भिजवायचे, सालं काढायची, एक उकळी द्यायची म्हणजे उग्रपणा जातो, मग बारीक वाटून धुतलेल्या पंच्यातून गाळायचे. रंग किंचित पिवळसर, दाटपणा म्हशीच्या दुधासारखा. कॉफीत फाटलं नाही. चवीला शेवटी थोडं दाण्याचं कूट जाणवायचं, पण कॉफी कडक केली की तेही बरं लागायचं. अक्कांनी वहीत त्या पानावर खूण केली. "डोळ्यांदेखत भिजतं, डोळ्यांदेखत वाटलं जातं," त्या म्हणाल्या. "बाकी चवीची सवय होईल."

या सगळ्याला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत आमच्या घरी पिशवी रोज येतच होती.

एका संध्याकाळी अक्का त्यांची नवी कॉफी सासूबाईंना चाखवायला आमच्याकडे घेऊन आल्या. सासूबाईंचं वय झालेलं, जेवण फारसं जात नव्हतं, संध्याकाळी पेलाभर दूध आणि त्यात कुस्करलेली अर्धी पोळी एवढाच त्यांचा आहार. मी दुधाचा पेला त्यांच्या हातात दिला. सासूबाई तो तोंडाला लावणार तेवढ्यात अक्कांनी हात पुढं केला, पेला काढून घेतला, स्वयंपाकघरात गेल्या आणि सिंकमध्ये ओतला. नळ सोडून पेला विसळला आणि पालथा घातला.

सासूबाई अक्कांना नावानं हाक मारायच्या. त्या म्हणाल्या, "दिवेलागणीला घरातलं दूध ओतलं, शैला. माझ्याच्यानं बघवलं नाही."

"आई, चुकलं माझं," अक्का म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा चूक झाल्यासारखा नव्हता. त्यांनी मला दंडाला धरून त्यांच्या घरी नेलं, दार लावलं आणि मग सांगितलं.

काही महिन्यांपासून एका भागातून येणारे टँकर तपासात नापास होत होते. युरियाची तपासणी केली की नळीतला रंग गडद पिवळा व्हायचा. अक्का टँकर परत पाठवायच्या. केंद्राचे साहेब म्हणायचे, ठीक आहे. एकदा काही कारणानं अक्कांनी जुनं रजिस्टर उघडलं. त्यांनी नापास लिहिलेल्या जागी पास लिहिलेलं होतं आणि खाली त्यांची सही होती. सही हुबेहूब होती. फक्त हिरेमठमधल्या 'ठ'ला त्या जी छोटी शेपटी काढतात, ती नव्हती. त्यांनी मागची पानं चाळली. पानंच्या पानं तशीच होती.

"म्हणजे ते दूध परत गेलंच नाही?"

"कुठं जाणार? पिशवीत आलं. माझ्या नावानं तुमच्या घरात आलं."

"अक्का, मग बिल्डिंगमध्ये सांगायला हवं."

"आज सांगितलं तर उद्या केंद्रातलं सगळं धुऊन स्वच्छ होईल आणि मी खोटी पडेन. मी साहेबांना नुसतं म्हटलं, रजिस्टर मी बघितलंय. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. आता मी रोज थोडं सॅम्पल घरी आणतेय. सरकारी ऑफिसातल्या एका माणसाशी बोलणं झालंय. तो म्हणतो, महिन्याभराचं काहीतरी हातात द्या, मग आम्ही अचानक येऊन आमचं सॅम्पल घेतो. तोवर तू गप्प राहा. आईंना दूध देऊ नको."

मी गप्प राहिले. सासूबाईंना शेंगदाण्याचं दूध द्यायला लागले. त्या कुरकुरत प्यायच्या. बाकीच्या घरांच्या कडीला सकाळी पिशव्या लटकताना दिसायच्या. गायकवाडांचा नातू तेव्हा चालायला लागला होता, जिन्यात बाटली तोंडात धरून बसायचा. त्याच्याशेजारून मी रोज शाळेत जायचे.

पुढच्याच आठवड्यात पेढे आले. दुपारची वेळ, मला शाळेला सुट्टी, अक्का कामावर. आमच्या दारात एक माणूस उभा होता. पन्नाशीचा, पांढरेशुभ्र कपडे, कपाळाला अष्टगंध. फार अदबीनं बोलत होता.

"हिरेमठ मॅडम न्हाईत व्हय घरी? बरं. हे त्येंना द्या. आमच्या गोठ्यातलं पेढं हायेत."

"कोणी दिले म्हणून सांगू?"

"त्येंना म्हाईत हाय. लई हुशार बाई. आमी सगळी मानतो त्येंला." तो जायला वळला आणि थांबला. "मॅडम रोज सव्वासातला कोपऱ्यावर एकट्याच उभ्या ऱ्हातात की. गाड्या कशा बी चालवतात हो आजकाल. जपून जावा म्हणावं."

संध्याकाळी मी अक्कांना खोका दिला आणि त्याचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. अक्कांनी खोका उघडला. एक पेढा बशीत कुस्करला, थोड्या पाण्यात उकळला, निवू दिला आणि कपाटातून आयोडीनची बाटली काढून त्यावर दोन थेंब टाकले. पाणी निळंकाळं झालं, म्हणजे पेढ्यात पीठ मिसळलेलं होतं. त्यांनी बशी माझ्यापुढं सरकवली.

"माझ्याकडे पेढे पाठवायचे तेही असले," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांना माझी भीती राहिलेली नाही."

त्यानंतर त्यांच्या फोनवर फोन यायला लागले. उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही, नुसते टँकरच्या इंजिनासारखे आवाज. एकदा सकाळी दाराच्या कडीला दुधाची पिशवी लटकलेली सापडली. मल्लूला विचारलं तर तो म्हणाला, "मी न्हाई टाकली. तुमीच नको म्हनला होता की." अक्कांनी ती पिशवीसुद्धा तपासली आणि वहीत लिहून ठेवली. कॉफी मात्र त्या दोन्ही वेळा पीत होत्या, दाणे रोज भिजत होते. मी एकदा म्हटलं, सोडून द्या हे सगळं, नोकरीची तीनच वर्षं राहिली आहेत. त्यांनी माझ्या कपात आणखी थोडी कॉफी ओतली आणि दुसरंच काही बोलायला लागल्या.

मग त्यांनी माझ्याकडे ते मागितलं.

"वैशाली, तुझ्या फ्रीजरमध्ये एक डबा ठेवशील? जास्त नाही, दहा दिवस. अर्धी सॅम्पलं तुझ्याकडे, अर्धी माझ्याकडे. एकाच ठिकाणी नकोत असं वाटतं."

मी डबा आणला. छोट्या बाटल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, अक्कांच्या बारीक अक्षरात. तो मटारच्या पिशव्यांमागे ठेवला. दोन दिवसांनी प्रकाशनं, माझ्या नवऱ्यानं, बर्फ काढताना तो पाहिला. मी खरं काय ते सांगितलं. प्रकाश तापट माणूस नाही. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "तो पेढेवाला आपल्या दारात उभा होता ना? आपलं दार त्यानं पाहिलंय. आई दिवसभर घरात एकटी असते. तू ठरव."

मी ठरवलं. संध्याकाळी डबा घेऊन समोर गेले. सगळं तोंडपाठ करून गेले होते, की फ्रीज बिघडलाय, मेकॅनिक येणार आहे. अक्कांनी माझं बोलणं ऐकून घेतलं. त्यांच्या नाकाला कळायला वेळ लागला नसणार. "असू दे गं," म्हणाल्या आणि डबा हातात घेतला. मला कॉफी घेतेस का असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी अक्का कामावरून आल्या तर घरात लाइट नव्हती. बाकी बिल्डिंगमध्ये होती. फ्रीजखालून पाण्याचा ओघळ दारापर्यंत आला होता. खाली मीटरच्या पेटीत जाऊन बघितलं तर त्यांच्या एकट्यांचा फ्यूज काढून नेलेला. येमूल काका म्हणाले, "सकाळीच एक वायरमन आल्ता की. तुमी बोलावलाय म्हनला. मी पेटी दाखवली त्याला." म्हातारा माणूस, पुढं कितीतरी दिवस तो मला जिन्यात अडवून तेच तेच सांगायचा, मला काय म्हाईत गं पोरी.

उन्हाळ्याचे दिवस होते. बाटल्यांतलं दूध फाटलं होतं, काहींची बुचं उडाली होती. सगळ्या घरात आंबूस वास सुटला होता. अक्का फरशीवर बसून एकेक बाटली उघडत होत्या, वास घेत होत्या आणि बाजूला ठेवत होत्या. मी दारात उभी होते. आत ये असं त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही आत गेले नाही.

सरकारी ऑफिसातला माणूस म्हणाला, नासलेल्या सॅम्पलवर मला वरून परवानगी मिळत नाही. पण बातमी केंद्रात पोचायची ती पोचली. महिन्याभरात तपासणी झाली खरी, पण ती केंद्रानं स्वतःच बोलावून घेतली. त्या दिवशीचं दूध उत्तम निघालं. मग जुनी रजिस्टरं बाहेर काढली. गावातल्या कोणी तरी आधीच्या दुधाबद्दल तक्रार केली होती म्हणे. त्या तारखांना टँकर पास केलेले होते आणि खाली सही होती शैलजा हिरेमठ यांची. अक्कांनी 'ठ'ची शेपटी दाखवली. चौकशीला बसलेल्यांपैकी एकानं चष्मा लावून बघितलं आणि म्हणाला, घाईत राहून जाते बाई, माझीही राहते.

त्यांना कामावरून काढलं. बिल्डिंगमध्ये बातमी आली ती अशी, की अक्का भेसळीच्या दुधावर सही करत होत्या. म्हणूनच त्यांनी स्वतः आधी दूध बंद केलं, बघा. गायकवाड वहिनी जिन्यात त्यांना बघून नातवाला कडेवर उचलून घ्यायच्या. मी एकदा त्यांना म्हटलं, असं नाहीये हो. त्या म्हणाल्या, "मग त्यांनी आम्हाला सांगितलं का नाही? आणि तुम्हाला माहीत होतं का?" मी म्हटलं, नाही.

लोकांनी पिशवी बदलली. दुसऱ्या रंगाची, दुसऱ्या नावाची. मल्लू तीही टाकतो. ती कुठून येते ते मला माहीत नाही.

जायच्या आदल्या दिवशी अक्कांनी घर आवरलं. मी मदतीला गेले तेव्हा डबे धुऊन पालथे घातलेले होते. मी परत केलेल्या त्या डब्याचा विषय काढावा म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. दुसऱ्यांदा त्याच म्हणाल्या, "तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, याचा मी विचार केला. उत्तर आलं नाही. तूही करू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना स्कूटीवरून एसटी स्टँडला सोडलं. धारवाडकडे जाणारी गाडी लागलेली होती. त्या खिडकीशी बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. मी खाली उभी होते. गाडी भरत आली. त्यांच्या शेजारी एक बाई येऊन बसली, कडेवर सहा-सात महिन्यांचं मूल, ते रडत होतं. बाईनं पिशवीतून बाटली काढली, बूच फिरवलं आणि मुलाच्या तोंडाला लावली.

अक्कांची मान तिकडे वळली. काचेमागून मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण त्या किंचित पुढं झुकलेल्या दिसल्या, नाक बाटलीच्या दिशेनं. मग त्या बाईला काहीतरी म्हणाल्या. मोठं नसावं, चार-पाच शब्द. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या डागाळलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि मुलाला दुसऱ्या मांडीवर घेऊन पाठ फिरवून बसली. मूल पीतच होतं.

कंडक्टरनं दार ओढलं. गाडी मागे सरकली, वळली. अक्का समोर बघत बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन.

मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही.